मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि मधली फाडलेली पाने

जुन्या मराठी मासिकांचे बांधीव खंड ज्यांनी हाताळले आहेत त्यांना एक गोष्ट नक्की जाणवली असेल. खंडात बाराही महिन्यांचे अंक असतात, पण मुखपृष्ठे बहुधा नसतात आणि जाहिरातींची पाने त्याहून कमी असतात. बाइंडरचे त्यात काही चुकले असे म्हणता येणार नाही. मुखपृष्ठाचा कागद जाड असतो, शिवणीत नीट बसत नाही. पुढच्या-मागच्या जाहिरातींच्या पानांवर लेखांचे अनुक्रमांक नसतात, म्हणजे ती ‘मजकुरात’ धरलेली नसतात. खंडाची जाडी कमी करायची तर पहिली कात्री तिथेच लागणार. वाचनालयालाही वाचकांसाठी कथा, कविता आणि लेख टिकवायचे होते. साबण, केशतेल आणि दंतमंजन टिकवून काय करायचे, असाच विचार सगळ्यांनी केला.

आज तेच खंड स्कॅन होत आहेत आणि त्यांतली उणीवही जशीच्या तशी संगणकावर येते आहे. पुढची पिढी हे स्कॅन पाहील तेव्हा तिला वाटेल की मराठी मासिक म्हणजे नुसता मजकूर. अंकाला दर्शनी रूप होते, तो स्टॉलवर टांगलेला असे, त्याच्या पाठीवर कोणीतरी पैसे मोजून जागा घेतलेली असे, हे तिला कळायला मार्गच उरणार नाही.

यंदाच्या उन्हाळी सुट्टीत आमच्या मंडळाने बेळगावातल्या मराठी माध्यमाच्या आठवी-नववीच्या मुलांसाठी सहा दिवसांचा वर्ग घेतला. त्यात दोन कामे होती. मासिकाचे मुखपृष्ठ तयार करायचे आणि जुन्या-नव्या मासिकांतल्या जाहिराती बारकाईने वाचायच्या. शिकवायचे काम माझ्याकडे होते. वर्गात जे झाले त्याचे हे परीक्षण आहे, कौतुकाचा अहवाल नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे: मुखपृष्ठ ही अंकाची स्वतःची पहिली जाहिरात असते, आणि ज्याला जाहिरात वाचता येत नाही त्याला मुखपृष्ठ काढता येत नाही. आपल्याकडे शिकवण्याचा क्रम नेमका उलटा आहे.

कारखान्याच्या पत्रकातून निघालेले मासिक

उदाहरण म्हणून मी ‘किर्लोस्कर’ घेतले. त्याचे बेळगावशी नाते आहे म्हणून तर घेतलेच, पण जाहिरात आणि मासिक यांचा संबंध इतका उघड दुसरीकडे क्वचित दिसतो, हे खरे कारण.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत हे तिथे लक्षात आले आणि चित्रकला सोडून ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी त्यांना कुंडलजवळ माळरान दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. जागा देणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, हाही एक योग. १९२० मध्ये या कारखान्याचे गृहपत्र म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच शंवाकि. ते स्वतः व्यंगचित्रे काढत. १९२९ मध्ये ‘खबर’ हा शब्द गेला आणि नुसते ‘किर्लोस्कर’ राहिले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ सुरू झाले.

म्हणजे इथे मासिकात जाहिरात आली असे झालेच नाही. कारखान्याच्या पत्रकातून मासिक बाहेर आले आणि हळूहळू घरोघरी वाचले जाऊ लागले. मुलांना हे सांगितल्यावर एकाने लगेच विचारले, “मग सर, ही सगळी जाहिरातच की?” प्रश्न चांगला होता. त्याला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून आम्ही नांगरापासून सुरुवात केली.

भीती घालवणारी आणि भीती घालणारी

लोखंडी नांगर बाजारात आला तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली असे किर्लोस्करांच्या इतिहासात सांगितले जाते. अशा मालाची जाहिरात करणाऱ्यापुढे काम काय असते? गिऱ्हाइकाच्या मनात आधीपासून असलेली भीती घालवणे. त्यासाठी समजावून सांगावे लागते, नांगर चालवून दाखवावा लागतो, ज्याने वापरला त्याचा अनुभव पुढे ठेवावा लागतो. जाहिरातीत माहिती येते ती या गरजेपोटी.

आता त्याच काळातले स्नो, पावडर, केशतेल घ्या. ‘अफगाण स्नो’, ‘कामिनिया ऑइल’ ही नावे आपल्या आज्यांच्या तोंडी होती. अशा मालाची गरज गिऱ्हाइकाला आधी वाटतच नसते. ती निर्माण करावी लागते. तुमचा रंग उजळ नाही, केस पुरेसे लांब नाहीत, लोक तुमच्याकडे बघतात तेव्हा काय विचार करत असतील, ही शंका आधी पेरायची आणि मग बाटली पुढे करायची. बाळाच्या टॉनिकांचेही तसेच. ‘डोंगरे बालामृत’ घराघरात गेले ते आईच्या काळजीच्या वाटेने. ती काळजी खरी होती, कारण त्या काळी लहान मुले दगावत. पण खऱ्या काळजीला हात घालणे आणि नसलेली काळजी उभी करणे यांत फरक आहे.

वर्गात आम्ही जाहिरातींचे दोन ढीग केले. भीती घालवणाऱ्या एकीकडे, भीती घालणाऱ्या दुसरीकडे. मुलांनी वाद घातले, काही जाहिराती या ढिगातून त्या ढिगात गेल्या. कंदिलाची जाहिरात कुठे ठेवायची? ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील म्हणजे स्वदेशी माल. त्यात अंधाराची भीती नाही, परदेशी माल घेण्याची लाज आहे. मग लाज हा तिसरा ढीग झाला. हा तिसरा ढीग माझ्या योजनेत नव्हता, तो मुलांनी केला. वर्गाचे सार्थक झाले असे मला वाटते ते या ठिकाणी.

‘स्त्री’सारख्या मासिकाकडे या नजरेने पाहिले की प्रश्न अवघड होतो. बाईने शिकावे, विचार करावा, स्वतःचे मत मांडावे असे म्हणणाऱ्या मासिकांनाही छपाईचा खर्च भागवायला जाहिराती घ्याव्या लागतात, आणि बायकांच्या मासिकाकडे जाहिरातदार येतात ते चेहरा, केस आणि बाळ यांच्या वाटेने. लेख एक बाई रंगवतो आणि शेजारचे पान दुसरी. वाचणारी मात्र एकच असते, आणि ती दोन्ही पाने वाचते. खंडातून जाहिराती काढून टाकल्या की आपल्याला फक्त लेखातली बाई दिसते आणि तो काळ होता त्यापेक्षा सरळ वाटू लागतो. इतिहास लिहिणाऱ्याला याहून मोठी फसगत दुसरी नाही.

आपल्या भागातलेच एक उदाहरण मुलांपुढे ठेवले. लीला चिटणीस धारवाडच्या. शिकलेली बाई, रंगभूमीवरून चित्रपटात गेली. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकणारी ती पहिली भारतीय अभिनेत्री ठरली. त्यानंतर नट्यांची रांगच लागली. फोटो बघून एक मुलगी म्हणाली, “पण ही हसूलीय कुणाकडं बघून?” वर्ग हसला. मी मात्र तो प्रश्न फळ्यावर लिहिला. जाहिरातीतला चेहरा कुणाकडे बघतो, हा जाहिरात वाचण्याचा पहिला धडा आहे. तो आपल्याकडे बघत असेल तर आपल्याला काहीतरी सांगतो आहे. वस्तूकडे बघत असेल तर आपल्यालाही तिकडे बघायला लावतो आहे. आरशात बघत असेल तर आपल्याला आपल्याच चेहऱ्याची आठवण करून देतो आहे.

‘ट. ख. निराळा’

आमच्या मंडळाच्या दृष्टीने जाहिरातींचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मजकुरातून कधीच मिळत नाही. छोट्या जाहिरातींच्या खाली बारीक अक्षरांत जे छापलेले असते ते वाचा. ‘व्ही. पी.ने मागवा’, ‘ट. ख. निराळा’, ‘एजंट नेमणे आहेत’, तारेचा पत्ता. ‘ट. ख.’ म्हणजे टपाल खर्च हे मुलांना सांगावे लागले. व्ही. पी. म्हणजे पोस्टमनच्या हातात पैसे देऊन पार्सल सोडवून घ्यायचे, हे कळल्यावर ती म्हणाली, “म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी!” अगदी तेच.

या बारीक अक्षरांत एजंटांच्या याद्याही असतात. बेळगाव, धारवाड, हुबळी, कोल्हापूर, सांगली, मडगाव ही गावे एकाखाली एक येतात. १९५६ पर्यंत बेळगाव आणि धारवाड मुंबई राज्यात होते आणि गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. तरी व्यापाऱ्याच्या नकाशात ही गावे शेजारी होती. भाषा, रेल्वे, घाट आणि बाजार यांनी मिळून जो प्रदेश बांधला होता तो या यादीत सापडतो. सीमाभागाचा इतिहास आपण ठराव, मोर्चे आणि निवाडे यांतून लिहितो, आणि तो तसा लिहायलाच हवा. पण माणसे कुठून साबण घेत होती आणि कुठे मनिऑर्डर पाठवत होती, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. कात्री लागते ती नेमकी याच पानांना.

मुखपृष्ठाचे काम

आता मुलांनी काढलेल्या मुखपृष्ठांकडे वळू. काम असे दिले होते: बेळगावविषयी एक मासिक निघणार आहे, त्याच्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ करा. रंग तीनच वापरायचे, पिवळा, तांबडा आणि निळा, शिवाय काळा. जुनी तिरंगी छपाई तशीच चाले. प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक असे, एकावर एक छापून बाकीचे रंग तयार होत. दुसरी अट अशी की मासिक स्टॉलवर एकावर एक टेकवून मांडलेले असते, वरचा तिसरा हिस्साच दिसतो, तेव्हा त्या हिश्श्यात अंक ओळखता आला पाहिजे.

पहिल्या दिवशी जाहिरातींचे काम सुरू होण्याआधीच मी एक मुखपृष्ठ काढून घेतले होते. त्यांतली निम्म्याहून जास्त एकाच वळणाची निघाली. साडीतली बाई, हातात दिवा, मागे आकाश. बेळगाव कुठेच नाही. ही बाई मुलांच्या मनात कुठून आली हे सांगायला नको. गोव्यात जन्मलेले दोन चित्रकार, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, यांनी मराठी मुखपृष्ठाला तिचे रूप दिले. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला. मुळगावकरांची स्प्रेच्या कामाची तुकतुकीत चित्रे कॅलेंडरांवर आणि मुखपृष्ठांवर घरोघरी पोचली. दोघांचा हात मोठा होता. दलालांची रेषा आणि रंगसंगती आजही बघत राहावी अशी आहे. पण त्यांच्यानंतर दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर सुंदर बाई असलीच पाहिजे हा रिवाज पडला, आणि रिवाज पडला की बघणाऱ्याला प्रश्न पडेनासे होतात. अंकात आत काय आहे याच्याशी त्या बाईचा काही संबंध आहे का, हे कोणी विचारत नाही. अंक विकण्यासाठी ती तिथे असते. म्हणजे साबणाच्या कागदावर जे काम नटी करते तेच ती करते.

जाहिरातींचे तीन दिवस झाल्यावर मुखपृष्ठ पुन्हा काढायला सांगितले. फरक पडला, पण सगळीकडे सारखा नाही. काहींनी बाई काढून तिथे किल्ला, कुंदा आणि कपिलेश्वर यांची गर्दी केली. हे सुधारणेसारखे दिसते, पण आहे तेच दुखणे. कुंद्याचे चित्र बेळगावची ओळख पटवते, बेळगावविषयी सांगत काहीच नाही. पर्यटनाच्या पत्रकावर ते शोभेल. एकाने सात गोष्टी एका पानावर बसवल्या आणि नावाला जागाच उरली नाही. मग त्याने मासिकाचे नाव खाली कोपऱ्यात घातले, जिथे स्टॉलवर ते दिसणारच नाही. रंगकाम सुरेख होते, मुखपृष्ठ म्हणून ते फसले होते. तसे मी त्याला सांगितले, आणि त्याला ते पटले.

दोन मुखपृष्ठे मात्र मंडळाच्या संग्रहात ठेवावीत अशी झाली. पहिले एका मुलाचे. त्याने शहापूरच्या हातमागावर अर्धी विणलेली साडी काढली. विणलेला भाग खाली, रंगात. वर नुसते उभे धागे, आणि त्या मोकळ्या जागेत मासिकाचे नाव. वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवून त्याने अट पाळली आणि विणकराचे काम अर्ध्यावर थांबले आहे हेही सांगितले. चित्राखाली एक अक्षर लिहिलेले नव्हते, तरी बघणाऱ्याला प्रश्न पडतो.

दुसरे एका मुलीचे. तिने गल्लीतल्या दुकानाची पाटी काढली, एकच शब्द मराठीत आणि कानडीत, एकाखाली एक, आणि पाटीखाली शिडी लावलेली. शिडीवर कोणी नाही. पाटी आता चढते आहे की उतरते आहे, हे कळत नाही. मी विचारले तर म्हणाली, “सर, ते तुम्हीच ठरवा की.” मंडळातल्या एका ज्येष्ठ सदस्यांना हे मुखपृष्ठ मुलांच्या वयाला जड वाटले. मला तसे वाटत नाही. ही मुले रोज त्या पाट्यांखालून शाळेत जातात. त्यांना जे दिसते तेच तिने काढले, शिवाय नेमके कुठे थांबायचे हेही तिला कळले.

शाळेत काय होते

या दोघांना हे जमले त्याचे श्रेय मी हाताच्या कौशल्याला देणार नाही. पहिल्या दिवशीची त्यांची चित्रे इतरांसारखीच होती. मधल्या तीन दिवसांत ती दोघे एक प्रश्न शिकली: हे पान माझ्याकडून काय करून घेऊ पाहते आहे? तो प्रश्न साबणाला विचारता आला की स्वतःच्या चित्रालाही विचारता येतो.

शाळेत हा प्रश्न येतच नाही. महाराष्ट्रातल्या दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात जाहिरात लेखन आहे. सीमाभागातली मुलेही सरावासाठी तीच मार्गदर्शके वाचतात. मुले काय लिहितात? ‘त्वरा करा! त्वरा करा! आजच भेट द्या! मर्यादित साठा!’ चौकट आखायची, चार उद्गारचिन्हे टाकायची, सवलतीचा आकडा घालायचा की झाले. म्हणजे आपण मुलांना जाहिरात लिहायला शिकवतो, वाचायला शिकवत नाही. चित्रकलेच्या तासालाही मुखपृष्ठ म्हणजे सजावट. मराठीचा तास आणि चित्रकलेचा तास एकमेकांशी बोलत नाहीत. मासिकात मात्र अक्षर आणि चित्र एकाच पानावर नांदते.

आमच्या बैठकीत यावर एक आक्षेप आला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जाहिराती नसत्या तर मराठी मासिके जगलीच नसती. मुलांना लहानपणापासून संशयखोर करून काय मिळवणार? पहिले वाक्य मला पूर्ण मान्य आहे. वर्गणीवर चालणारी मासिके किती आणि किती दिवस चालली हे आपण जाणतो. म्हणूनच जाहिरात हा मासिकाचा कचरा नाही, त्याच्या जगण्याचा हिशोब आहे, आणि हिशोब वाचता आला पाहिजे. राहिला संशय. नांगराची जाहिरात वाचून मुलांना संशय आला नाही, कौतुक वाटले. एका कारखानदाराने लोकांच्या भीतीशी वाद घातला आणि जिंकला, हे त्यांना आवडले. वाचता आले तर कौतुकही करता येते. नुसती नापसंती शिकवायला वर्ग लागत नाही.

वर्गाच्या उणिवाही आहेत. तीन दिवस जाहिरातींना अपुरे पडले. आजच्या मासिकांत जी जाहिरात लेखाचे सोंग घेऊन येते, तिच्यावर एकच तास मिळाला, आणि खरी परीक्षा तिथेच आहे. जुनी जाहिरात चौकटीत बसून ‘मी जाहिरात आहे’ असे सांगत होती. आताची तसे सांगत नाही. पुढच्या वर्षी या भागाला पूर्ण दोन दिवस द्यावेत असे मी मंडळाला सुचवले आहे.

वाचकांना एक सांगणे आहे. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या कपाटात सुटे अंक असतील. वाचनालयातले खंड कापले गेले, पण घरातले सुटे अंक बऱ्याचदा मुखपृष्ठासकट टिकले आहेत, कारण ते कोणी बांधलेच नाहीत. ते रद्दीत देण्याआधी मुखपृष्ठ, त्याच्या आतली बाजू, मलपृष्ठ आणि जाहिरातींचे प्रत्येक पान, सगळ्यांचे फोटो काढा. अंकाचा महिना आणि वर्ष लिहून ठेवा. स्कॅन करणाऱ्यांनी फाडलेल्या पानांची जागा नोंदवावी, ‘येथे जाहिरातींची पाने नाहीत’ एवढे लिहिले तरी पुढच्या अभ्यासकाला कळेल की इथे काही होते. आणि घरात आठवी-नववीचे मूल असेल तर तो अंक आधी त्याच्या हातात द्या. लेख नंतर वाचू दे. पहिल्यांदा मलपृष्ठ बघू दे, आणि त्यावरची बाई कुणाकडे बघून हसते आहे ते त्याला विचारा.